शेवटच्यानं ‘गाडी’ म्हणायचं

रिटायर झालेल्या माणसाकडे दोन गोष्टी साठत जातात, जुनी औषधं आणि जुने किस्से. औषधांवर निदान एक्स्पायरी छापलेली असते. किस्से समोरचा जांभई देईपर्यंत चालतात. माझे सगळे सायकलचे. आता पुण्यात सायकल म्हटलं की हेल्मेट, घट्ट कपडे आणि रविवार आठवतो. आम्ही सोमवार ते शनिवारवाले होतो.

कर्वेनगरहून हडपसरच्या बाजूला एका कारखान्यात जाणारे आम्ही सतरा जण. पावणेसातला कोपऱ्यावर जमायचं, डबे हँडलला अडकवायचे आणि दोन-दोनच्या जोडीनं निघायचं. नियम एकच. मागून वाहन आलं की शेवटच्यानं ‘गाडी!’ म्हणून ओरडायचं. पुढचे तो शब्द पुढे पुढे पोचवायचे आणि दोन रांगांची एक रांग व्हायची. गाडीवाला हात दाखवून निघून जायचा. इतकं साधं होतं.

शेवटचा माणूस कायम एकच, आमचे साखरे. तरुणपणी लेथवर काम करताना कण उडून त्यांचा उजवा डोळा गेला होता. कान मात्र असे, की मागे न बघता सांगायचे, ‘टेम्पो आहे, रिकामा.’

*

साखऱ्यांनी एकदा स्कूटरचं लायसन्स काढायचा प्रयत्न केला. आरटीओतल्या साहेबांनी समोरची पाटी वाचायला सांगितली. साखरे म्हणाले, पाटी काही नीट दिसत नाही, पण मागून डिझेलची जीप येतेय. खरंच आली.

साहेब वैतागले. म्हणाले, ‘अहो, ऐकून गाडी चालवतात का?’

‘पुण्यात बघून तरी कोण चालवतं?’

लायसन्स मिळालं नाही हे सांगायला नकोच. म्हणजे साखऱ्यांना जन्मभर सायकलच, हे तिथेच ठरलं.

*

स्वारगेटच्या चौकात आम्ही एका दमात सुटायचो. सतरा सायकली म्हटल्यावर बससुद्धा थांबायची. एका बसड्रायव्हरनं एकदा डोकं बाहेर काढून विचारलं, ही वरात कुणाची? साखरे म्हणाले, वरात नाही, जनरल शिफ्ट आहे.

पुढे तो ड्रायव्हर ओळखीचा झाला. चौक ओलांडेपर्यंत आमच्या मागे दमानं यायचा, पुढे मोकळा रस्ता लागला की आम्ही एका रांगेत होऊन त्याला वाट द्यायचो. जाताना तो खिडकीतून हात काढायचा. एके दिवशी आम्ही गप्पांच्या नादात उलटा हात केला नाही, तर पुढच्या स्टॉपवर उतरून आला आणि विचारलं, ‘सतरा जणांत एकालाही हात नाही का?’

असं भांडणारी माणसंसुद्धा आता राहिली नाहीत.

*

मग हप्त्यावर मोटारसायकली मिळायला लागल्या. पहिली घेतली भोसल्यानं. आम्हाला पेढे दिले आणि म्हणाला, ‘मी काही तुम्हाला सोडणार नाही. मागून हळूहळू येतो, तुम्हाला संरक्षण!’

पहिला आठवडा तो खरंच मागून आला. दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, तुम्ही लोक फारच हळू जाता हो. तिसऱ्या आठवड्यात हॉर्न वाजवला.

‘गाडी!’ साखरे ओरडले. आम्ही डावीकडे सरकलो. भोसले हात न दाखवता गेला.

*

माझीही एक सवय होती. घंटी दोनदा छोटी वाजवायची, मग एकदा लांब. ट्रिंग ट्रिंग, ट्रीऽऽऽङ. कोपऱ्यावर पोचताना, वळताना, हात आपोआप तसाच चालायचा. साखरे न बघता म्हणायचे, ‘या पानसे. देवळात आलात का?’

*

आमच्यातल्या जगतापच्या मुलाला हिंजवडीत नोकरी लागली. महिन्याभरात त्यानं वडिलांची सायकल बंद केली. सोसायटीतले त्याचे सहकारी बघतात म्हणे. जगताप रिक्षानं यायला लागला आणि आमच्याकडे बघायचं टाळायला लागला.

काही वर्षांनी तोच मुलगा परदेशी सायकल घेऊन कोपऱ्यावर आला. दर रविवारी पंधरा-वीस जण सिंहगडापर्यंत जायचे, पण गाडीवाले फार अंगावर येतात म्हणाला. ‘काका, तुम्ही इतकी वर्षं ग्रुपनं जाता. रूल्स काय असतात?’

साखऱ्यांनी त्याला सगळं नीट शिकवलं. दोनची रांग कधी करायची, एक कधी, वळणावर का थांबायचं, शेवटी अनुभवी माणूस का ठेवायचा. मुलगा मोबाइलमध्ये लिहून घेत होता. जाताना म्हणाला, अजून काही?

‘हो. वडिलांना सायकलवरून उतरवू नये.’

तेवढं त्यानं लिहून घेतलं नाही.

*

सायकल ट्रॅक झाला तेव्हा आम्ही सात जण उरलो होतो. आता आपली सोय झाली म्हणून आम्ही पहिल्या दिवशी हौसेनं त्यावर चढलो. पन्नास पावलांवर एक मोटार आडवी उभी. मालक बाजूलाच चहा पीत होता.

साखरे उतरले आणि अदबीनं म्हणाले, ही सायकल आपली का?

‘मोटार आहे ती. दिसत नाही?’

‘उजव्या डोळ्यानं नाही दिसत. आपल्याला कुठल्या डोळ्यानं ट्रॅक दिसत नाही?’

तो हसला. मोटार काढली नाही.

*

आमच्यातला धुमाळ कारखाना सोडून एका आयटी कंपनीच्या बसवर ड्रायव्हर झाला. स्वारगेटहून माणसं उचलायची आणि हिंजवडीला सोडायची. एके सकाळी एक बस आम्हाला इतकी घासून गेली की शिंदे फुटपाथवर आडवा झाला. बघतो तर स्टिअरिंगवर धुमाळ. सिग्नलला गाठला. मला वाटलं होतं, शरमेल तरी.

म्हणाला, ‘मला आठच्या आत गेट गाठायचंय. तुमच्यामागे रांगत राहिलो तर मलाही सायकल घ्यावी लागेल.’

शिंदेनं महिन्याभरात स्कूटर घेतली. त्याला दोष कसा देणार?

*

शेवटी दोघं उरलो, मी आणि साखरे. दोन सायकलींसाठी स्वारगेटला कोण थांबतं? एकदा एका मोटारीच्या आरशानं साखऱ्यांचं कोपर उडवलं. ते पडले, डबा रस्त्याच्या मधोमध उघडला. मोटारवाल्यानं काच खाली केली आणि म्हणाला, ‘आजोबा, या वयात कशाला?’ काच वर गेली.

मी त्यांना उठवलं. म्हटलं, उद्यापासून मागे मी राहतो, तुम्ही पुढे व्हा. ते ऐकेनात. म्हणाले, ‘मागचं मला ऐकू येतं. पुढचं बघायला तुम्ही लागता. माझी नजर तुमच्या कॅरिअरवर असते, पानसे. ते हललं की मी हलतो.’

त्यांच्या रिटायरमेंटला सव्वा वर्ष होतं. मी म्हटलं, तुम्ही रिटायर होईपर्यंत माझं कॅरिअर तुमच्यापुढे असेल. ते नुसता डबा पुसत राहिले.

*

पाच महिन्यांनी माझ्या मुलानं नवी मोटार घेतली आणि जुनी मला दिली. माझे गुडघे दुखत होते हे खरं. पण नुसते गुडघे नव्हते. धुमाळची बस घासून गेल्यापासून मला रस्त्याची भीती वाटत होती, आणि साखऱ्यांसमोर ती कबूल करायची लाज वाटत होती. म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांना फोन केला आणि सांगितलं, ताप आहे, उद्या येत नाही. मोटारीतून चला, असंही म्हणता आलं असतं. पण मग सायकल का सोडली, ते सांगावं लागलं असतं.

सकाळी मुद्दाम उशिरा निघालो. वाटलं, ते एव्हाना पोचले असतील. स्वारगेटच्या अलीकडे गाड्या खोळंबल्या होत्या. पुढे सरकलो तर सगळ्यांच्या पुढे एक सायकल. पुढे बघायला माझं कॅरिअर नाही म्हणून साखरे अंदाजानं, जवळजवळ रस्त्याच्या मधून चालले होते. सिग्नल हिरवा होता. आजूबाजूनं गाड्या कापत जात होत्या, मागून हॉर्नवर हॉर्न. मी नेमका त्यांच्या मागे.

माझा हात हॉर्नवर गेला. दोनदा छोटा, मग एकदा लांब.

साखऱ्यांनी मागे वळून पाहिलं नाही. सायकल डावीकडे घेतली, मला हात दाखवला आणि समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत नेहमीसारखे ओरडले. माझी काच उघडीच होती.

‘गाडी! जाऊ द्या, आपल्यातलीच आहे.’