पाठमोरे अर्जदार

अर्जदारांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आधी दाराची साखळी दिसली, मग त्यांचं नाक दिसलं, आणि बराच वेळ नाकच येत राहिलं. बाकीचा माणूस मागाहून पोचला. "तुमच्या घरात काल दुपारी खुर्ची सरकली," एवढं म्हणून त्यांनी दार लावलं. असा घुम्या, खडूस, आंबट माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि इमारतीचा सेक्रेटरी असल्यामुळे मी पुष्कळ पाहिलेत. नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर गृहस्थ फक्त तक्रारअर्ज लिहीत, म्हणून हे नाव. इमारतीत कुत्रा पाळायचा नाही, हा नियमही त्यांच्याच अर्जाचं फळ.

एकदा त्यांच्या थोरल्या बहिणीने त्यांना विचारलं, "महिन्याभरात माझ्याखेरीज कुणाशी बोललास?"

"दूधवाल्याशी."

"काय?"

"'पाणी' म्हणालो."

तिने त्यांना सरळ टाकलेल्या जनावरांच्या आश्रयघरात नेऊन सोडलं. तिथे तुटक्या कानाची एक कुत्री होती. माणूस दिसला की भिंतीत शिरायला बघायची. अशांसाठी तिथली पद्धत म्हणजे पिंजऱ्यात पाठ करून बसायचं आणि काहीतरी मोठ्याने वाचायचं. जगाकडे पाठ करायचा तीस वर्षांचा अनुभव असलेला उमेदवार आयताच मिळाला! वाचायला यांनी नेल्या स्वतःच्या अर्जांच्या नकला. सातव्या आठवड्यात, जिन्यातल्या चपलांविषयीचा अर्ज चालू असताना, कुत्रीने त्यांच्या पाठीला नाक लावलं. बिचारीने दुसरं काही ऐकलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्वारी माझ्या दारात. "तिला घरी आणायचीय. नियम काढा."

"सोळाही घरांच्या सह्या आणा," मी म्हणालो. मला मजा बघायची होती.

सोळाही घरांविरुद्ध त्यांचे अर्ज होते. वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशींनी आपल्या यंत्राच्या आवाजाबद्दलचा अर्ज आधी त्यांच्याकडून वाचून घेतला.

"आता म्हणा, चुकलो."

"चुकलो."

"बसा. चहा टाकते."

ते बसले, सवयीने, पाठ करून. "अहो, मी चावत नाही!" मावशी ओरडल्या, तेव्हा वळले.

सह्यांना पाच आठवडे लागले, कारण जो तो त्यांना बसवून घेत होता. कुत्री हवी असल्याचं त्यांनी सोळा घरांत सांगितलं. आश्रयघरात सांगायचं मात्र या शहाण्याला सुचलं नाही.

नियम रद्द झाला. माणसाळलेली कुत्री आश्रयघराने आदल्याच आठवड्यात एका न्हाव्याला देऊन टाकली होती. आता इमारतीत तीन कुत्री आहेत. अर्जदारांकडे एकही नाही.