अर्ध्या डॉक्टरची गोळी

माझ्या धाकट्या भावाला सगळी गल्ली ‘अर्धा डॉक्टर’ म्हणते. तो औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा असतो, एवढंच. पण लोक त्याला जीभ दाखवतात, पुरळ दाखवतात, एका गृहस्थांनी तर भर दुकानात सदरा वर केला होता. त्याला हे आवडतं. कुणी पाठ दुखते म्हणालं की हा आधी भुवया चढवतो, दोन प्रश्न विचारतो आणि मगच खोक्याला हात घालतो. मी त्याची थोरली बहीण, त्याच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहते. ही हुशारी मला लहानपणापासून तोंडपाठ आहे.

सर्दी घरात आणली ती त्यानेच. दिवसभर लोक तोंडावर शिंकणार, दुसरं काय होणार! त्याच्याकडून मला, माझ्याकडून त्याच्या बायकोला आणि शेवटी गुंडीला. गुंडी म्हणजे त्यांची मुलगी, अजून पालथी पडायच्या खटपटीत असलेली. मोठ्यांचं ठीक असतं, नाक शिंकरता येतं. त्या पोरीला ते कुठून यायला? दूध प्यायला तोंड लावायची, श्वास अडकला की सोडायची आणि घर डोक्यावर घ्यायची. तिला घेऊन येरझाऱ्या घालताना आमच्या नाकी नऊ आले.

भावजय माझी तशी घाबरट. बाळंतपण फार अवघड गेलं तिला. पोरीला अंघोळ घालायला, नखं कापायला ती मला हाक मारायची. पण दूध मात्र भरपूर होतं. “ताई, एवढं एक मला नीट जमतं,” असं मला म्हणाली होती, आणि म्हणताना तिचा चेहरा असा फुलला होता की जिभेवर आलेली चेष्टा मी गिळून टाकली.

सर्दीत तिचं नाक गळायचं ते थेट पोरीच्या टाळूवर. रुमाल सांभाळू की पोर, अशी गत. ती रडकुंडीला आली तेव्हा अर्ध्या डॉक्टरने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली.

“ही घे. तासाभरात नाक कोरडं.”

“अहो, पण पाजतेय मी. चालेल ना?”

“अगं, निम्म्या गल्लीला मीच देतो ही. तुझं नाक थांबलं की तिला पुन्हा लागण व्हायची नाही.”

नाक खरंच थांबलं. भावाची स्वारी अशी खूश, की दिवसभर शीळ घालत होती.

आणि मग गुंडी जास्तच रडायला लागली. दोन घोट ओढायची, मान मागे टाकायची, किंचाळायची. आम्ही तिघांनीही दोष दिला तो तिच्या नाकाला. मी मिठाच्या पाण्याचे थेंब सोडत होते, भावजय तिला उभी धरून पाजून बघत होती आणि भाऊ घड्याळ बघून बायकोला गोळी देत होता. पोर जितकी रडेल तितका हा काटेकोर. “तू बरी झालीस की ती बरी होईल,” हे त्याचं पालुपद. मला राग यायचा, पण औषधातलं मला काय कळतं?

पोरीचे लंगोट कोरडे राहायला लागले तेव्हा आमच्या तोंडचं पाणी पळालं. तिला उचलून मुलांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. नाक तर मोकळं होत आलं होतं.

“सर्दीने नाही रडत ही. भुकेली आहे,” त्या म्हणाल्या आणि भावजयीकडे वळल्या. “तुम्ही स्वतः काही घेताय का?”

भावाने पट्टी पुढे केली. अजूनही जरा ऐटीतच.

“ही कुणी दिली?”

“मी.”

“नाक कोरडं करते तसं ही दूधही कमी करते. पाजणाऱ्या आईला आम्ही ही देत नाही.”

त्याचा हात तसाच पुढे राहिला. भावजय पट्टीतल्या रिकाम्या खळग्यांकडे बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

गोळी बंद झाली, डब्याचं दूध सुरू झालं. बाई म्हणाल्या होत्या, अंगावर लावत राहा, दूध येईलही परत. ती लावत राहिली. पण गुंडीला बाटलीची चटक लागली. तिथे ओढलं की लगेच मिळत होतं. आईने जवळ घेतलं की तोंड फिरवून बाटली शोधायची. त्या जिवावर कसलं रागावणार? मी जिन्यात बसून रडून घेतलं, खोटं कशाला बोलू.

भाऊ दुकानात जातो. सर्दीची गोळी कुणी मागितली की विचारतो, “घरात तान्हं मूल आहे का?” परवा एका काठी टेकत आलेल्या आजोबांनाही विचारलं. लोक हसतात. तो हसत नाही, आणि आता कुणाची जीभही बघत नाही.

काल मी खाली गेले तर तो गुंडीला बाटली पाजत होता. पोर डोळे मिटून पीत होती, गालांवर पुन्हा रंग आला होता. भावजय शेजारी बसून बघत होती. गोळी थांबल्यापासून तिचं नाक पुन्हा गळायला लागलंय. मी रुमाल दिला. तिने नाक पुसलं.

“बघा ना ताई,” ती म्हणाली, “हे तेवढं परत आलं.”

भावाने मान वर केली नाही.