पाच तासांची अमेरिका

एसटीचं वेळापत्रक वाचतात तसं मी लेकीचं विमानाचं तिकीट वाचलं, ही माझी चूक. मुंबईहून रात्री साडेबाराला सुटणार, न्यूयॉर्कला पहाटे साडेपाचला पोहोचणार. वजाबाकी केली, पाच तास. झालं, कापूस खरेदी केंद्रावर सगळ्यांना सांगून मोकळा झालो.

मी तिथे ग्रेडर, कापसाची प्रत ठरवणारा. त्या वर्षी भाव पडलेले, गाड्यांची रांग मारेगावच्या रस्त्यापर्यंत गेलेली, आणि लोकांच्या शिव्या खायला आम्हीच समोर. रांगेतला एक कास्तकार शांतपणे म्हणाला, "साहेब, माही गाडी दोन दिवसापासून फाटकाजवळ उभी हाय. तुमची पोरगी पाच तासात अमेरिकेत?"

हंगामात रजा नव्हती, म्हणून तिच्या मामाने लेकीला मुंबईला विमानात बसवून दिलं. आमच्या घरची एक रीत आहे. माणूस प्रवासाला गेलं, की पोचल्याचा निरोप येईस्तोवर बायको अन्नाला शिवत नाही. मी जवळच्या वणीला गेलो तरी हेच. पाचच तास म्हटल्यावर ती निर्धास्त होती.

रविवारची सकाळ. सहा वाजले, आठ वाजले, फोन मुका. दहाला बायकोने देवाजवळ दिवा लावला आणि माझ्याकडे पाहणंच सोडलं. बिनचहाची, कोरड्या तोंडाची. पोरगी कुठे आहे, हे बापाला सांगता येऊ नये?

शेजारच्या मास्तरांकडून पृथ्वीचा गोल आणला, आणि बायकोच्या गोधडीचा दोरा. आयुष्यभर कापसाचा धागा ओढून त्याची लांबी सांगत आलोय. तेवढीच एक विद्या. गोलाच्या पोटाभोवती दोरा गुंडाळला, म्हणजे चाळीस हजार किलोमीटर. मग मुंबई ते न्यूयॉर्क ताणून धरला. तिसऱ्या हिश्श्याला जरा कमी, साडेबारा हजार. विमान ताशी आठशेने जातं, हे लेकीनेच सांगितलं होतं. म्हणजे साडेपंधरा तास! तिकिटावरचे साडेपाच तिथल्या घड्याळातले होते. आपल्याकडे तेव्हा दुपारचे चार.

"चारले चाक टेकते," मी जाहीर केलं. "सामान, रांग धरून पावणेपाचपर्यंत फोन."

बायकोने फक्त भाकरीचं पीठ काढून ठेवलं, तेवढा विश्वास. सव्वाचारला मी खुर्ची फोनजवळ ओढली. साडेचारला पुन्हा दोरा ताणून पाहिला.

चार चाळीसला घंटी वाजली. "बाबा, पोचली मी. आपल्या चारले पाच कमी असतानी उतरलो."

पाच मिनिटांचा फरक! साडेबारा हजार किलोमीटरमध्ये! आमच्या केंद्राच्या काट्यालाही इतकं नेमकं कधी जमलं नव्हतं. मी दोरा गळ्यात घालून घरभर फिरलो, मास्तरांकडे जाऊन आलो, उद्या त्या कास्तकाराला काय सांगायचं तेही ठरवलं.

बायकोने शांतपणे दोन भाकरी खाल्ल्या, वर ताक प्यायली. मग हात पुसत म्हणाली, "वापसीचं तिकीट आलं, का मी वाचीन. तुम्ही दोरा धरजा."