नकाशातून पुसलेला थांबा

“सरनेम क्या है?”

कंपनीच्या साहेबांनी सगळ्या मीटिंगसमोर विचारलं. मी पडद्यावरच्या नकाशाजवळ उभी होती. सांगितलं. ते बाजूच्या सरकारी अधिकाऱ्याकडे पाहून म्हणाले, “तभी तो. अपने मोहल्ले का स्टॉप डाल दिया मॅडम ने.”

सगळे हसले. मीही हसली. त्या हसण्याची मले आजही लाज वाटते.

तेलीबांध्याचं ऑफिस होतं ते. रायपुरातले शेअर ऑटो कुठून कुठे जातात, याचा नकाशा करायचं काम सरकारी विभागानं कंपनीले दिलं होतं. शहर बसचा नकाशा होता. ऑटोचा कोणाकडेच नव्हता. इतके लोक रोज त्यात बसतात, पण कागदावर ते ऑटो चालतच नाहीत.

सहा महिने मी ऑटोत फिरली. कंपनीचा फोन हातात. ऑटो थांबला की बटन दाबायचं. सोबतच्या बायांले नाव विचारायचं. ‘नीम के नीचे’. ‘टंकी’. ‘विहार’. पाटी कुठंच नाही. लोक उतरतात तो थांबा. सवाऱ्या भरल्या की ऑटो निघते, म्हणून वेळापत्रक नाही. किती मिनिटांनी दुसरा येते, ते उन्हात उभं राहून लिहायचं. मग हे सारं एका ठरलेल्या पद्धतीनं भरायचं. ही पद्धत कोणाच्या मालकीची नाही, जगभर तीच वापरतात. तशी भरलेली माहिती कोणत्याही शहरातल्या माणसाले वाचता येते. विभाग आणि कंपनीच्या करारात लिहिलं होतं, माहिती सगळ्यांसाठी खुली राहील. त्या एका वाक्यासाठी मी पाय झिजवले.

‘विहार’ हा आमच्या पाऱ्याचा, म्हणजे वस्तीचा, थांबा. आजोबा विदर्भातून रेल्वेच्या नोकरीत इथं आले. त्यांच्या पिढीनं तो बुद्धविहार बांधला. माही आई तिथूनच पंडरीच्या बाजारात जाते, कापडाच्या दुकानात गठ्ठे बांधाले. तिच्यासोबत पाऱ्यातल्या कितीतरी बाया.

मीटिंगनंतर साहेबांनी पक्की केलेली थांब्यांची यादी हातात आली. मंदिरांच्या नावाचे थांबे होते. ‘विहार’ नव्हता. ‘टंकी’ नव्हती. वस्तीतले सगळेच गेले होते.

“ये नाम नक्शे पे अच्छे नहीं लगते,” साहेब म्हणाले. “मेन रोड वाले रखो.”

“सर, डेटा खुला रहेगा ना?”

“अभी कंपनी का है. बाद में देखेंगे.”

घरी ताट समोर होतं. मी जेवत नव्हती.

“काय झालं वं? जेवत काहून नाही?”

आईले सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे त्याहीच्या नकाशात मी ऑटोतून उतरतच नाही?”



दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद पुढे केला. ‘सर्वे पूर्ण और सही है.’ खाली माह्या सहीची जागा.

“साइन करो.”

“नाही करत.” मराठीच निघालं तोंडातून. “लिस्ट गलत है, सर. लोग जहाँ उतरते हैं, वो आपने काट दिया.”

“तुम्हारे जैसी दस मिल जाएँगी.”

“हव. उनसे करा लो.”

कंपनीचा फोन टेबलावर ठेवला आणि निघाली. कागदाले हात लावला नाही.

सही दुसऱ्या कोणीतरी केली. नकाशा झाला. तो पासवर्डच्या आत आहे, मलेही दिसत नाही. माहिती खुली करा म्हणून विभागात अर्ज दिला, तर “कंपनी से पूछो.” कंपनीत गेली, तर “विभाग से पूछो.” चार महिने ह्या दारातून त्या दारात. सिक्युरिटीवाला आता मले पाहूनच मान हलवते.

अर्ज बंद केले. आता माह्याच फोनवर पहिल्यापासून करून राहिली आहो. रविवारी आईसोबतच्या दोन बाया येतात. त्या नावं सांगतात, मी लिहितो. ज्या खुल्या नकाशात कोणीही भर टाकू शकते, त्यात टाकतो. कंपनीनंही घ्यावं, फुकट घ्यावं.

मागच्या आठवड्यात कोणीतरी चार थांबे पुसले. मी परत ऑटोत बसली, परत त्या चार जागी उतरली, परत टाकले. पुन्हा पुसतील. मी पुन्हा उतरीन. शहरातला एकएक मार्ग असाच लिहीन, आणि त्यासाठी कोणाच्या दारात परवानगी मागाले जाणार नाही.