वीस नखांचा जपानी लांडगा

गुरुवारी कॉलेज तपासायला कमिटी येणार होती आणि मंगळवारी आमचे शिपाई दत्तूमामा यांनी म्युझियममधल्या लांडग्याची नखं मोजली.

गोष्ट शहाण्णव-सत्त्याण्णवची. लांडगा पेंढा भरलेला, कुणीतरी दान दिलेला. गळ्यातल्या फाटक्या चिठ्ठीवर ‘जपान’ एवढंच वाचता येई. तेवढ्यावर मी, झूलॉजीचा विद्वान लेक्चरर, त्याला होक्काइडो लांडगा ठरवून मोकळा झालो. ही लांडग्याची जपानी पोटजात. घोड्यांची शिंगरं खाते म्हणून तिथल्या लोकांनी विष घालून ती कधीच संपवली. प्राचार्यांनी त्याचा फोटो थेट कमिटीला द्यायच्या रिपोर्टच्या कव्हरवर छापला. माझं प्रमोशन त्याच रिपोर्टला लटकलेलं.

मामा गारगोटीकडचे, घरी मेंढरं. धूळ पुसता पुसता म्हणाले, “सर, ह्यो लांडगा न्हाय. वीसनखी कुत्रं हाय की.”

लांडग्याला पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, अशी अठरा नखं. काही कुत्र्यांना मागे एकेक जादा असतं. राखणीसाठी लोक असलं पिल्लू मुद्दाम शोधतात. हे सगळं मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो. मोजायचं तेवढं राहून गेलं होतं.

प्राचार्यांनी ऐकून घेतलं, घड्याळ बघितलं.

“दोनच जादा आहेत ना? कापा.”

“सर, पण तो कुत्रा आहे.”

“कव्हर छापून आलंय. आता तो लांडगाच.”

मी बाणेदारपणे नकार दिला, असं घरी सांगतो. खरं म्हणजे हॅकसॉ ब्लेड मीच आणलं.

गुरुवारी कमिटीतले दोघे चहा घेत रिपोर्ट चाळत राहिले. तिसरे मूळचे नेसरीचे, म्हणजे मामांच्याच मुलखातले. ते सरळ खाली बसले आणि त्यांनी मागचा पाय बोटांनी चाचपला.

“ही जात संपून किती वर्षं झाली म्हणालात?”

“शंभराच्या वर, सर.”

“आणि नख आज सकाळी कापल्यागत पांढरं हाय की.”

प्राचार्य माझ्याकडे असे बघायला लागले, जणू तो कुत्रा मीच.

प्रमोशन चार वर्षं लांबलं. प्राचार्यांचं काही बिघडलं नाही. कव्हरवर लांडग्याच्या नावाखाली सही माझी होती.

कुत्रा अजून तिथंच आहे. मी पाटी बदलली : ‘कुत्रा, वीसनखी’. पोरं मोजतात आणि अठराच भरतात म्हणून भांडायला येतात. मी ड्रॉवर उघडून उरलेली दोन दाखवतो आणि सांगतो, आधी नखं मोजा, मग चिठ्ठी वाचा.