कपाटाला काय लावायचं?

स्वयंपाकघरातल्या कपाटाचा रंग वरणात पडायला लागला, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, एक तर हे कपाट तरी घराबाहेर काढा, नाहीतर मला तरी." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असल्या धमक्या माणूस मनावर घेत नाही. पण त्या दिवशी खरोखरच माझ्या वाटीत हिरव्या रंगाची एक टिकली तरंगत होती.

कपाट आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, करून घेतलेलं. ते मच्छे गावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. परदेशातून मशीनं यायची ती पाइनच्या खोक्यांतून, आणि रिकामी खोकी कामगार घरी न्यायचे. गल्लीतल्या सुतारानं त्याच फळ्यांचं हे कपाट ठोकलं. झालं त्याच दिवशी त्याला ऑइल पेंट फासला गेला, कारण आपल्या घरात खोक्याचं लाकूड आहे हे शेजाऱ्यांना कळता कामा नये. पुढं दर दसऱ्याला दारं-खिडक्या रंगवून उरलेला डबा या कपाटाच्या वाट्याला यायचा. आमच्याकडं उरलेला रंग टाकून देणं म्हणजे ताटात अन्न टाकण्याइतकं वाईट, त्यामुळं घरातली सगळी दारं जे जे रंग नेसली, ते सगळे या बिचाऱ्यानं एकावर एक अंगावर घेतले.

आई माझ्याजवळच असते. काचबिंदूनं तिची नजर कडेकडेनं आत खात नेली आणि आता तिला उजेड कुठून येतो एवढंच कळतं. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. त्यात मी हौसेनं स्वयंपाकघराची बाकीची कपाटं सनमायकाची करून घेतली होती. सगळी दारं एकाच मापाची, एकाच गुळगुळीत अंगाची. आई हात लावून बघायची, एक दार उघडायची, तिथं चहा-साखरेऐवजी धुण्याची पावडर निघायची. दोन-तीनदा फसगत झाल्यावर ती आत जायचीच बंद झाली. निपाणीत वाढलेली, पन्नास माणसांचं जेवण एकटीनं उरकणारी ही बाई आता गॅलरीतल्या खुर्चीत बसून "कुणी हाय का गं, पाणी द्या" म्हणायची. मला तिचं आंधळेपण एक वेळ सोसलं असतं, पण स्वतःच्याच घरात ती पाहुण्यासारखी बसायला लागली होती, ते सोसत नव्हतं. अशीच खुर्चीत बसून राहील आणि एक दिवस उठायचीच नाही, ही एकच भीती मला खात होती.

कपाटाचा आणि या भीतीचा काही संबंध आहे असं तेव्हा डोक्यातही नव्हतं. मला फक्त वरणातली टिकली काढायची होती.

काकती गावाकडून एक पॉलिशवाला येतो. कामाला चोख आणि बोलायला त्याहून चोख. त्यानं कपाट गच्चीवर घेतलं आणि गरम हवेच्या मशीननं रंग सैल करत पट्टीनं खरवडायला लागला. हिरव्याखाली आकाशी निघाला, त्याच्याखाली बदामी, मग आणखी एक फिका पिवळा. मी ऑफिसला दांडी मारून तिथंच उभा. शेवटचा थर निघाला, त्यानं तारेचा ब्रश फिरवला आणि लाकूड वर आलं.

मी त्या कपाटातून आयुष्यभर शेंगदाणे चोरून खाल्ले होते आणि ते असं आहे हे मला माहीतच नव्हतं! लोण्याच्या रंगाच्या फळ्या, त्यांच्यावर तांबूस रेघा, मधेच एखादी गाठ आणि तिला वळसा घालून पुढं गेलेल्या रेघा. इतक्या वर्षांनंतरही उन्हात राळेचा वास सुटला. एकेक रेघ म्हणजे झाडाचं एकेक वर्ष, एवढं शाळेत शिकलो होतो. कुठल्या तरी बर्फाच्या मुलखात हे झाड एवढे हिवाळे उभं होतं, मशीन अंगाखांद्यावर घेऊन समुद्र ओलांडून आलं आणि आमच्या घरात जोंधळ्याच्या पिठाचा डबा सांभाळत बसलं. मी हात जोडायचेच तेवढे बाकी राहिले.

"नोड्री अण्णा, बघा," पॉलिशवाला म्हणाला, "आता ह्याच्यात लांबी, म्हंजे पुट्टी भरतो, घासून लेव्हल करतो, वर चकचकीत पॉलिश मारतो. तोंड दिसंल तुमचं त्यात."

मला माझं तोंड बघायची हौस नव्हती. बायकोला अक्रोडाचा गडद रंग हवा होता, कारण बाकीचं फर्निचर त्याच रंगाचं. मला लाकूड आहे तसं दिसायला हवं होतं. वाद मिटेना, तेव्हा पॉलिशवाल्यानं आतली एक फळी काढून तिच्यावर दोन पट्टे मारले, एक चकचकीत आणि एक अक्रोडी. संध्याकाळी तो घरी गेल्यावर मी हळूच माझा तिसरा पट्टा मारला. लाकडाला तेल पाजावं, हे लहानपणापासून ऐकलेलं. पोळपाटाला, उखळाला, गाडीच्या जुवाला आमच्याकडं तेल पाजतात. आणि तेल म्हटलं की आमच्या भागात दुसरं कुठलं असणार? स्वयंपाकघरात जाऊन वाटीभर शेंगतेल आणलं आणि फडक्यानं चोळलं. काय सुरेख रंग आला! मी स्वतःवर खूश होऊन झोपलो.

सकाळी त्या पट्ट्यावर मुंग्यांची जत्रा. तेल तसंच ओलं आणि वास असा, की कुणीतरी नुकतीच भजी तळून गेलंय.

पॉलिशवाला पोट धरून हसला. "अण्णा, फोडणी द्यायची राहिली की! शेंगतेल कधी वाळतंय व्हय? अळशीचं लावायचं असतंय, त्ये वाळून लाकडात बसतंय." बायको तर जिन्यातच बसून हसत होती. मी भडकलो, पण मुंग्या माझ्या बाजूनं साक्ष द्यायला तयार नव्हत्या.

हसण्याचा आवाज ऐकून खालून आईनं हाक मारली. "काय झालंय रं? मला बी न्या की वर."

मी तिला धरून गच्चीवर आणलं. चालता चालता आधाराला म्हणून तिनं कपाटाच्या दारावर हात ठेवला, आणि तिथंच थांबली. माझा हात तिनं सोडून दिला. दुसरा हातही दारावर ठेवला.

"ह्ये काय हाय? रेघा लागाय लागल्यात हाताला."

तारेच्या ब्रशनं रेघांमधलं मऊ लाकूड झिजलं होतं आणि कडक रेघा किंचित वर राहिल्या होत्या. मी डोळ्यांनी इतका वेळ बघत होतो, पण हात लावून बघायचं मला सुचलं नव्हतं. आईची बोटं सावकाश वरून खाली आली, गाठीशी थांबली, तिच्याभोवती फिरली. मग ती शेजारच्या दाराकडं सरकली.

"ह्या फळीच्या रेघा तिरक्या हायत. आन् गाठ न्हाय हिला." परत पहिल्या दारावर हात. "हितं हळद-मोहरीचा, मिसळणाचा डबा ठेवूया. गाठीच्या दारात. आन् तिरकीच्या आत चहा-साखर."

ठेवूया, म्हणाली. कित्येक महिन्यांत तिनं 'उद्या काय करू' असलं एक वाक्य उच्चारलं नव्हतं. मी उगीच गच्चीच्या कठड्याकडं बघायला लागलो.

"आज्जी, अजून लांबी भरायची हाय," पॉलिशवाला म्हणाला. "मग बघा कसं गुळगुळीत हुतंय."

"गुळगुळीत नको रं बाबा," आई म्हणाली. "गुळगुळीतातच तर हरवलोय मी."

त्यानं हातातला लांबीचा डबा खाली ठेवला.

मग ती पट्ट्यांची फळी आणली. आईनं पट्ट्यांवर बोटं फिरवली. चकचकीत पट्टा, "ही काच झाली." अक्रोडी पट्टा, "ह्याच्यात रेघा बुडाल्या." माझ्या पट्ट्यावर बोट ठेवून तिनं ते नाकाशी नेलं आणि पदराला पुसलं. पॉलिशवाल्यानं पिशवीतून अळशीच्या तेलाची बाटली काढली, फळीच्या कोऱ्या जागेवर पातळ हात मारला, फडक्यानं कोरडा पुसला. वाळायला वेळ लागणार होता, पण आई तिथून हलेना. गच्चीवरच जेवली, गच्चीवरच लवंडली. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर नावाला मेण चोळून त्यानं फळी तिच्या मांडीवर ठेवली.

"हां," ती म्हणाली. "ह्ये लाकूड हाय."

"पण एक सांगतो," पॉलिशवाला बायकोकडं वळला. "मऊ लाकूड हाय, वर कवच न्हाय. हळदीचा डाग पडला तर जाणार न्हाय. आन् दर वर्साला तेल पाजाय लागणार."

अक्रोडी रंगासाठी माझ्याशी भांडलेली माझी बायको आईच्या हाताकडं बघत होती. "पडू देत डाग," ती म्हणाली. "दर दसऱ्याला आम्ही तेल लावू."

कपाट पुन्हा जागेवर आलं. पहिले काही दिवस आई नुसती जाऊन त्याच्यावर हात फिरवून यायची, काढायची काही नाही. आम्हीही विचारलं नाही.

मग एका सकाळी मी फिरून घरी आलो तर मोहरी तडतडत होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी, आणि गॅसपाशी आई. मी धावलो आणि तिचा दंड धरला.

"भ्या वाटाय लागलंय व्हय तुला?" ती म्हणाली. "डोळं मीट."

मी मिटले. तिनं माझा हात धरून कपाटावर ठेवला. "आता हळद काढ बघू."

मी चाचपडलो. एक दार, दुसरं दार, कुठली रेघ आणि कुठली गाठ! माझ्या अडाणी बोटांना सगळं सारखंच लागत होतं. अखेर एक दार उघडून मी कुठल्याशा डब्यात हात घातला, तर मूठभर साखर.

आईनं मला कोपरानं बाजूला सारलं. "सर तिकडं," म्हणाली, "फोडणी करपाय लागली माझी."