ब्रेक लागून राहिले

खरं सांगते, मला सायकलची भीती वाटते. पोहायला मी लहानपणी कृष्णेत शिकले, धावणं रोजचंच आहे. सायकल मात्र यंदा, बेचाळिसाव्या वर्षी, गोंदियाला बदली झाल्यावर तिथल्या कुडवा भागातल्या गल्लीत शिकले. आणि अतिशहाणपणा बघा, लगेच ट्रायथलॉनला, म्हणजे या तिन्हींच्या शर्यतीला, नाव घालून मोकळी! नवरा साताऱ्याहून फोनवर म्हणाला, "हातपाय मोडून घेण्यापेक्षा नाव काढून घे." म्हटलं, आधी सायकल तर बघू दे. नाही जमली तर काढते.

प्रतापगडाजवळच्या (साताऱ्याकडचा नव्हे, गोंदिया जिल्ह्यातला) एका गावात जुनी ट्रायथलॉन सायकल विकायची आहे असं कळलं. मालक होमराजभाऊ, आता धानाची शेती करतात. हैदराबादेत नोकरीला असताना हौसेनं घेतलेली. फोनवर विचारलं, "ब्रेक कसे आहेत?"

"लागून राहिले ना जी, दोनी बी."

मी मनात म्हटलं, झालं! दोन्ही ब्रेक चाकाला चिकटलेले!

रविवारी सकाळी कार काढली. गोरेगाव, कोहमारा, नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव. अडीच तास धरा. कोहमाऱ्याला तर्री-पोहे खाऊन घ्या. मी मात्र दोनच घास खाऊन प्लेट सरकवली. रस्ता बरा आहे, पण कापणीच्या दिवसांत गावोगावी अर्ध्या डांबरावर धान वाळत घातलेलं असतं. त्यावरून बोटभर रुंदीचे टायर कसे जातील, हाच विचार वाटभर डोक्यात.

सायकल अंगणात उभी होती. हँडलवर पुढे आलेले दोन दांडे. त्यांवर कोपरं टेकायची, वाकायचं आणि वारा कापत सुटायचं. ब्रेक मात्र हाताबाहेर, मागे. होमराजभाऊ हवा भरायचा पंप आणायला आत गेले, तेवढ्यात मी व्हिडिओत पाहिलं होतं तसा ब्रेकच्या तारेचा स्क्रू फिरवला. पुढचा, मग मागचाही. चाक गरगर फिरलं. सुटले बाई एकदाचे!

गडाकडून गावात उतरणाऱ्या रस्त्यावर चालवून बघायला निघाले. उतार लागला, दांड्यांवर वाकले, आणि समोर धान! होमराजभाऊंची बायको, शेवंताबाई, पायानं ते उलटंपालटं करत होत्या. कशीबशी कोपरं उचलून ब्रेक दाबला. तो थेट हँडलला टेकला. सायकल थांबेचना.

"अवं ताई, पडून राहिल्या, पडून राहिल्या!" शेवंताबाई बाजूला पळत ओरडल्या. मी अजून सायकलवर होते हो! पुढच्याच क्षणी धानात लोळत होते. कोपर सोललं, तोंडात तूस गेलं, बाकी धड.

होमराजभाऊ धावत आले. ब्रेक दाबून पाहिला. "हे ढिले कोनं केले?"

"मीच. तुम्हीच म्हणालात ना, लागून राहिलेत म्हणून."

मग शेवंताबाई मटकन खाली बसून हसायला लागल्या. "लागून राहिले म्हंजे लागते ना, ताई! बरोबर लागते!"

लाजेनं मेले मी. उठून अंगावरचं तूस झटकलं. म्हटलं, नको मला ही सायकल.

"काऊन?" होमराजभाऊ म्हणाले. "भेव दांड्यायचा हाय, सायकलचा नाई." त्यांनी किल्लीनं दोन्ही दांडे काढले, स्क्रू आवळले. खाली निघाली साधी रोड बाईक, ब्रेक बरोबर बोटांखाली. पहिली सायकल घेणाऱ्यांनो, एवढंच लक्षात ठेवा: ब्रेक बोटांखाली हवेत आणि पाय जमिनीला टेकायला हवेत. दांडे मागाहून बसवता येतात.

त्याच उतारावर पुन्हा गेले. रडत गेले, खोटं कशाला सांगू. धानाच्या दोन हात अलीकडे थांबले.

चाकं काढली की सायकल कारच्या मागच्या सीटवर मावते. आता दांडे कपाटात आहेत. मी रोज पहाटे गोंदियाबाहेर कामठ्याच्या रस्त्यावर असते, आणि ट्रक मागून आला की अजूनही उतरून कडेला उभी राहते. नाव काढलेलं नाही.

परवा होमराजभाऊंचा फोन आला. "भेव वाटून राहिला का जी?"

"हाव. रोज वाटून राहिला."

"अन् ब्रेक?"

"लागून राहिले," मी म्हटलं. "दोनी बी."